हॅप्लोग्रुप एक्स

हॅप्लोग्रुप एक्स : मानवी मातृवंशांपैकी एक विरळ वंश. तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) डीएनए फक्त आईकडून अपत्याकडे येतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेल्या उत्परिवर्तनांच्या आधारे मातृवंशांचे जे गट पाडतात, त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात. ‘एन’ या मोठ्या शाखेतून फुटलेला हा गट निकट पूर्व, कॉकेशस, युरोप व उत्तर आफ्रिका या प्रदेशांत थोड्याथोड्या प्रमाणात आढळतो. युरोपात त्याचे सरासरी प्रमाण सुमारे २ टक्के आहे. दक्षिण आशियात तो क्वचितच दिसतो आणि पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. उत्तर अमेरिकेतील काही आदिवासी समाजांत मात्र तो पुन्हा ठळकपणे भेटतो. अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्या काही गटांत त्याचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. या तुटक प्रसारामुळे त्याच्याविषयी जितके लिहिले गेले, तितके त्याच्याहून कितीतरी अधिक व्यापक वंशांविषयीही लिहिले गेलेले नाही.

ओळख व लक्षणे : तंतुकणिकेच्या डीएनएत १६,५६९ स्थाने असून १९८१ मध्ये केंब्रिज येथे वाचलेला व १९९९ मध्ये दुरुस्त केलेला क्रम तुलनेसाठी प्रमाण मानण्याची पद्धत आहे. एक्स गटाच्या खुणा ६२२१, ६३७१, १३९६६, १४४७०, १६१८९ व १६२७८ या स्थानांवरील बदलांत दिसतात. यांपैकी १६१८९ हे स्थान वारंवार आणि अनेक वंशांत स्वतंत्रपणे बदलणारे असल्याने एकट्याने निरुपयोगी आहे. १९९० च्या दशकात संपूर्ण क्रम वाचणे खर्चाचे होते. त्यामुळे डीडीई-१ हे विकर (एन्झाइम) १७१५ या जागी डीएनए कापते की नाही, एवढेच पाहून नमुन्यांची विभागणी केली जाई. काप पडला नाही तर नमुना एक्सचा असण्याची शक्यता धरत. पण हा काप नाहीसा करणारा १७१९ या स्थानावरील बदल खरे तर एक्स२ या उपशाखेचा आहे आणि तोच बदल एन१ शाखेतही स्वतंत्रपणे झालेला आहे. म्हणून १४४६५ येथील दुसऱ्या विकराच्या खुणेची जोड द्यावी लागे. जुन्या सर्वेक्षणांतील टक्केवारी वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. केवळ नियंत्रक भागाचा तुकडा वाचून केलेल्या नोंदी तर अधिकच सावधपणे घ्याव्यात. प्राचीन अवशेषांतून ‘एक्स’ सापडल्याचे आरंभीचे काही दावे याच कारणाने आज ग्राह्य धरले जात नाहीत.

काल व उगम : एक्स गटाचे वय सामान्यतः ३० हजार वर्षांच्या आसपास मानतात. त्याच्या दोन मुख्य शाखा, एक्स१ आणि एक्स२. एक्स२ चा विस्तार शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यात किंवा त्यानंतर लगेच, म्हणजे साधारण २२ ते १८ हजार वर्षांपूर्वी सुरू झाला असावा. हे आकडे उत्परिवर्तनाचा वेग किती धरला यावर अवलंबून आहेत. हानिकारक बदल कालांतराने वंशातून गळून जातात, त्यामुळे अलीकडच्या काळात हा वेग जास्त भासतो. त्यासाठी सुधारणा केली की तारखा काही हजार वर्षांनी सरकतात. दोन अभ्यासांतील तारखा ताडून पाहण्याआधी त्यांनी कोणता वेग धरला होता ते पाहिले पाहिजे.

उगम निकट पूर्वेत झाला यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. या संदर्भात गॅलिलीतील द्रूझ समाजाचा उल्लेख नेहमी येतो. लिरान श्लुश आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की या समाजात एक्सचे प्रमाण तर मोठे आहेच, शिवाय एक्स१ आणि एक्स२ या दोन्हींच्या अनेक उपशाखा तेथे एकत्र नांदतात. अकराव्या शतकात उदयाला आलेल्या या पंथाने १०४३ पासून नव्या अनुयायांना प्रवेश देणे बंद केले आणि विवाहसंबंधही समाजातच होत राहिले. अशा बंदिस्त समाजात एखाद्या वंशाचे प्रमाण योगायोगानेही फुगते. उपशाखांची विविधता मात्र योगायोगाने वाढत नाही. म्हणून प्रस्तुत अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष अधिक पटतो : पंथाच्या कितीतरी आधी त्या परिसरात असलेल्या वंशसंपत्तीचा हा जपलेला अंश आहे. याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील सुमारे ७ टक्के हे प्रमाण थोड्या मूळ कुटुंबांच्या वाढीतून आलेले असावे; उगमाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

अमेरिकेतील शाखा : अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे मातृवंश ए, बी, सी आणि डी या चार गटांत बसतात असे प्रथम मानले जाई. न बसणाऱ्या नमुन्यांना युरोपीय वसाहतकारांशी झालेल्या संकराचे फळ समजण्याकडे कल होता. १९९८ मध्ये एम. डी. ब्राउन, डग्लस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी हे नमुने युरोपीय एक्सहून वेगळे आणि कोलंबसपूर्व असल्याचे दाखवले. मूळ स्थलांतरित माता किती धरल्या त्यानुसार त्यांनी आगमनाचा काळ ३६ ते १२ हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. या पाचव्या वंशाचे पूर्व आशियात नाव नाही आणि युरोपात मात्र अस्तित्व आहे, या वस्तुस्थितीतून पुढचा सारा वाद उभा राहिला.

डेनिस स्टॅनफर्ड आणि ब्रूस ब्रॅडली यांनी मांडलेला सोल्युट्रियन सिद्धांत असा, की हिमयुगात फ्रान्स व स्पेन येथील सोल्युट्रियन संस्कृतीचे लोक अटलांटिकवरील बर्फाच्या कडेकडेने अमेरिकेत पोहोचले आणि क्लोव्हिस या अमेरिकेतील प्राचीन दगडी अवजारांची परंपरा त्यांच्याकडून आली. अवजारांच्या घडणीतील साम्याला एक्सचा आधार जोडण्यात आला. पण सोल्युट्रियनचा शेवट आणि क्लोव्हिसचा आरंभ यांत काही हजार वर्षांचे अंतर आहे. आनुवंशिक बाजूने तर हा आधार अधिकच लंगडा ठरतो. माएरे रीड्ला आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये संपूर्ण क्रमांवरून एक्सचा वंशवृक्ष मांडला. त्यात अमेरिकी शाखा, एक्स२ए, ही २००, ८९१३, १२३९७, १४५०२ आणि १६२१३ या पाच स्थानांवरील बदलांनी वेगळी पडते. जुन्या जगातील नमुन्यांत हे पाच बदल शोधले असता फक्त १२३९७ चा बदल आढळला आणि तोही इराणमधील एका नमुन्यात. हा बदल प्रथिनातील थ्रिओनीनच्या जागी अ‍ॅलानीन आणणारा असून इतर वंशांतही झालेला असल्यामुळे त्यावरून नाते ठरवण्यास त्यांनी संकोच केला. पुढील वंशवृक्षांत मात्र याच बदलाच्या आधारे एक्स२ए आणि जुन्या जगातील एक्स२जे यांना एका फांदीवर ठेवलेले दिसते. हे नाते खरे धरले, तरी ते पश्चिम युरोपातील एक्स२बी सारख्या शाखांशी जुळत नाही, ही बाब महत्त्वाची. नाव एक असले म्हणून नाते जवळचे ठरत नाही. या विषयावरील बहुतेक लोकप्रिय लेखन नेमके येथेच चुकते. प्राचीन हिब्रू लोकांच्या स्थलांतराचा पुरावा म्हणून एक्सकडे बोट दाखवणारे धार्मिक प्रतिपादनही याच मुद्द्यावर कोसळते. या शाखा हिब्रू समाज अस्तित्वात येण्याच्या हजारो वर्षे आधी विभक्त झालेल्या आहेत.

सायबेरियातील दुवा सापडल्याचे २००१ मध्ये वाटले होते. मिरोस्लावा देरेन्को आणि सहकाऱ्यांना अल्ताई लोकांत सुमारे ३.५ टक्के एक्स आढळला. परंतु तो एक्स२ई शाखेचा, जवळजवळ एकसारखा आणि बहुधा ५ हजार वर्षांच्या आतला निघाला. तो दक्षिण कॉकेशसच्या बाजूने तेथे उशिरा गेला असावा. म्हणजे अल्ताई हा अमेरिकेच्या वाटेवरील मुक्काम नव्हे. तरीही बेरिंगियामार्गे, म्हणजे सायबेरिया व अलास्का यांना हिमयुगात जोडणाऱ्या भूभागावरून, आगमनाची बाजूच बळकट ठरते. बैकल सरोवराजवळील माल्टा येथील २४ हजार वर्षांपूर्वीच्या बालकाच्या जनुकसंचाने सायबेरियात पश्चिम यूरेशियाशी नाते सांगणारे लोक होते आणि त्यांचा अंश अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत उतरला, हे सिद्ध केले. त्या बालकाचा स्वतःचा मातृवंश यू होता, एक्स नव्हे. तथापि पश्चिमेकडील वंश अटलांटिक न ओलांडता अमेरिकेत कसा पोहोचू शकतो, याचे उत्तर तेथे मिळते.

केनेविक मानव : वॉशिंग्टन राज्यात केनेविकजवळ कोलंबिया नदीच्या काठी जुलै १९९६ मध्ये एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. कटीच्या हाडात दगडी भाल्याचे टोक रुतलेले आणि त्याभोवती हाड भरून आलेले होते. म्हणजे तो घाव लागल्यावरही तो बराच काळ जगला. कवटीच्या ठेवणीवरून त्याचे नाते अमेरिकेबाहेर शोधले गेले. परिसरातील आदिवासी मात्र त्याला आपला पूर्वज, ‘प्राचीन पुरुष’, म्हणत राहिले आणि अवशेषांच्या ताब्यासाठीचा खटला कित्येक वर्षे चालला. २०१५ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेने हाताच्या हाडातून त्याचा जनुकसंच वाचला. सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा हा पुरुष आजच्या मूळ अमेरिकनांनाच सर्वांत जवळचा निघाला आणि त्याचा मातृवंश एक्स२ए होता, तोही या शाखेच्या अगदी मुळाशी बसणारा. आदिवासींचे म्हणणे खरे ठरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी त्याचे विधिपूर्वक दफन केले. जेनिफर रॅफ आणि डेबोरा बोल्निक यांनी २०१५ मध्येच केलेल्या फेरतपासणीत नोंदवले, की एक्स२ए चा सर्वांत जुना आणि सर्वांत मूळरूप नमुना खंडाच्या पश्चिम भागात मिळणे अटलांटिक आगमनाशी विसंगत आहे.

उगो पेरेगो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक्स२ए हिमस्तरांमधील मोकळ्या पट्ट्यातून आणि डी४एच३ हा डी गटातील वंश पॅसिफिक किनाऱ्याने आला, अशी दोन वाटांची मांडणी केली होती. एक्स२ए चे वय त्यांनी १४ ते १७ हजार वर्षे धरले. पुढे डी४एच३ए हा वंश मॉन्टॅना राज्यातील अ‍ॅन्झिक येथील क्लोव्हिसकालीन बालकात, म्हणजे खंडाच्या आतल्या भागात, आणि एक्स२ए रॉकी पर्वताच्या पश्चिमेस कोलंबियाकाठी सापडला. त्यामुळे ही वाटणी आता तितकी स्वच्छ राहिलेली नाही. नेल्सन फागुंडिस यांच्या गटाने २००८ मध्ये मांडलेले मत, की एक्स२ए हा इतर चार वंशांबरोबर एकाच मूळ समूहाचा भाग होता, अधिक ग्राह्य वाटते.

इतर प्रदेश : अनातोलियातील व मध्य युरोपातील आरंभीच्या शेतकऱ्यांच्या अवशेषांत एक्स२ मिळाला आहे. युरोपातील त्याचा बराचसा प्रसार शेतीबरोबर झाला असावा. जॉर्जियात प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. एक्स१ मुख्यतः उत्तर व पूर्व आफ्रिकेत, आफ्रो-आशियाई भाषा बोलणाऱ्या समाजांत आढळतो. अमेरिकेत एक्स२ए शिवाय एक्स२जी ही आणखी एक शाखा ओजिब्वे समाजातील एका नमुन्यावरून नोंदली गेली आहे. दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत एक्स२ए ची नोंद नाही.