ज्येष्ठांच्या खोलीतला पंखा

पंखा हळू फिरवला तरी वीज तेवढीच जळते, हा समज अनेक घरांत पक्का आहे. जुन्या, जाडजूड रेग्युलेटरच्या काळात तो अगदीच निराधार नव्हता, कारण त्यातला रोधक बरीचशी वीज उष्णतेत घालवत असे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे ती हानी जवळजवळ संपली. मोटरीतली हानी मात्र राहिली आणि मंद वेगात तिचे प्रमाण वाढते. दिवसभर घरी असणाऱ्या आणि जोराचा वारा न सोसणाऱ्या ज्येष्ठांचा पंखा नेमका याच वेगात फिरतो.

साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या स्थिर भागातले चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, विद्युत प्रवाह निर्माण करते; हा प्रवाह टिकण्यासाठी रोटरला त्या क्षेत्राच्या थोडे मागे राहावेच लागते. ५० हर्ट्झवर १४ ध्रुवांच्या मोटरीतले क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते. पंखा ३६० फेरे घेत असेल, तर तो सुमारे १६ टक्के मागे पडतो आणि रोटरला मिळालेल्या शक्तीचा तेवढाच हिस्सा उष्णता बनतो. रेग्युलेटर व्होल्टेज घटवतो, क्षेत्राचा वेग नव्हे. त्यामुळे पंखा २१४ फेऱ्यांवर आला की रोटरमधली निम्मी शक्ती वाया जाते. हवा ढकलण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटत असल्याने एकूण वापर कमी होतो हे खरे, पण जेवढी वीज लागते तिचा मोठा वाटा मोटर तापवण्यात जातो. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरीच्या पंख्याच्या रोटरवर कायमचुंबक असतात आणि इलेक्ट्रॉनिक मंडल क्षेत्राचा वेगच बदलते, म्हणून मागे पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघरी गेले. अशा पंख्यांसाठीही तसाच कार्यक्रम २०२३ मध्ये आखला गेला, पण पंखा दिव्याइतका स्वस्त नाही आणि चालू असलेली वस्तू काढून टाकणे काटकसरीत आयुष्य गेलेल्या माणसाला पटत नाही. अशा माणसांना टक्केवारी सांगण्यापेक्षा हिशेब दाखवावा: पूर्ण वेगात ७५ वॉटऐवजी ३० वॉटचा पंखा रोज १६ तास चालला, तर महिन्याला सुमारे साडेएकवीस युनिट वाचतात. मंद वेगात हा आकडा लहान होतो, हेही लपवू नये. वयानुसार घाम कमी येऊ लागतो, तेव्हा उन्हाळ्यात पंखा बंद ठेवण्याचा सल्ला ज्येष्ठांना देणे तर घातकच.

प्लगमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डबीवर मात्र पैसे घालवू नयेत. तिच्यात बहुधा एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती बिल ज्या युनिटांवर आकारले जाते ती त्याने घटत नाहीत.

बीएलडीसी पंखा बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सहसा काढावा लागतो आणि वेग रिमोटवर जातो. ज्यांना बारीक बटणे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात; पंख्यांच्या कार्यक्रमातल्या यादीत तेही असायला हवेत.