संपाची नोटीस देण्याआधी: महापालिका, नगरपरिषद आणि एसटी कामगारांसाठी कागदपत्रं आणि तारखांचा हिशेब

करार संपून वर्षं उलटतात, प्रशासन चर्चेला बोलावत नाही, आणि मग एखाद्या द्वारसभेत संपाची तारीख जाहीर होते. नोटिशीचा विचार त्यानंतर सुरू होतो. क्रम असा उलटा झाला की मागणी कितीही रास्त असली तरी संप बेकायदा ठरू शकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे, त्यामुळे जुन्या नोटिशीचा मसुदा तारीख बदलून वापरू नका.

आधी पात्रता. सफाई, पाणीपुरवठा, एसटी यांसारख्या सेवांतले कामगार या मार्गाने जाऊ शकतात. महसूल किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांवर वर्तणूक नियम लागू आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलं आहे. मार्च 2023 मधला सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप म्हणूनच नगरपरिषदेच्या कामगारांसाठी नमुना धरता येत नाही.

वाटाघाटीला कोण बसणार? एकापेक्षा जास्त संघटना असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी बोलणी करते. तेवढा पाठिंबा कुणाकडेच नसेल तर किमान 20 टक्के असलेल्या संघटनांची वाटाघाट परिषद होते. औद्योगिक न्यायालयाचं जुनं मान्यता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडाच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या कराराचा. मुदत संपली म्हणजे करार संपला, असं होत नाही. करार संपवत असल्याची लेखी नोटीस दिल्यावर पुढचे 60 दिवस तो बंधनकारक राहतो, आणि त्यात आलेल्या विषयांवर तोपर्यंत संप करता येत नाही. म्हणून पहिलं पत्र हे. मागण्यांचं निवेदन त्याच्यासोबत द्या.

आता तारखा. संपाच्या आधीच्या 60 दिवसांत नोटीस दिलेली असली पाहिजे, आणि दिल्यापासून 14 दिवस संप करता येत नाही. समजा, नोटीस 2 मार्चला दिली. 16 मार्चपर्यंत थांबावं लागेल. समेट अधिकाऱ्यांनी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, 12 मार्चला पहिली बैठक घेतली तर त्या दिवसापासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. तिचा अहवाल 14 दिवसांत, म्हणजे 26 मार्चपर्यंत जायला हवा. कार्यवाही त्या दिवशी संपली तर पुढचे 7 दिवसही संप बंद. म्हणजे 3 एप्रिलच्या आधी हालचाल नको. मधेच वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला तर तिथलं कामकाज संपून 60 दिवस होईपर्यंत संप करता येत नाही. म्हणून प्रशासनाने तिथे अर्ज केला आहे का, हे रोज विचारत राहा.

कामगार संघटनांच्या मान्यतेबद्दलच्या राज्याच्या 1971 च्या कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेने नोटिशीआधी सभासदांचं बहुमत घ्यावं, अशी अट आहे. माझं स्पष्ट मत आहे की मतदान प्रत्येक संघटनेने घ्यावं आणि त्याचं इतिवृत्त सह्यांनिशी ठेवावं. त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, संघटनेची घटना, वर्गणीच्या पावत्यांसह सभासद नोंदवही, मागचा करार आणि आजवरचा पत्रव्यवहार एका फाइलमध्ये लावा. नोटिशीवर सचिवांसोबत निवडून आलेल्या पाच प्रतिनिधींच्या सह्या घ्या.

नोटीस आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना द्या, प्रत कामगार आयुक्तालयाच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला. कंत्राटी कामगार असतील तर ठेकेदाराला वेगळी प्रत हवीच. आमच्याकडे एका नगरपरिषदेत नोटीस साहेबांच्या टेबलावर ठेवून मंडळी परतली होती. पुढे ती मिळालीच नाही असं उत्तर आलं, आणि हातात पोच नव्हती. तेव्हापासून मी आवक विभागाचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुणाला निघू देत नाही. स्पीड पोस्टानेही एक प्रत पाठवतो.

संप न म्हणता सगळ्यांनी किरकोळ रजा टाकायची, ही वाटही आता बंद झाली आहे. एकाच दिवशी 50 टक्के किंवा जास्त कामगार ठरवून रजेवर गेले तर संहितेनुसार तो संपच. बेकायदा संपात कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चिथावणी देणाऱ्याला दंड 10,000 ते 50,000. सरकारने मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा, लावून संपाला बंदी केली तर वेळेवर दिलेली नोटीसही वाचवत नाही.

तारीख निवडताना मराठवाड्याचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एप्रिल-मे मध्ये पंपहाऊस बंद पडलं तर हंडे घेऊन रांगेत उभी राहणारी माणसं आपल्याच घरातली असतात. म्हणून पिण्याचं पाणी आणि दवाखान्याची सफाई चालू राहील, त्यासाठी कोणत्या पाळीत किती कामगार असतील, हे नोटिशीतच लिहा. समेटाच्या बैठकीत त्या ओळी सगळ्यात आधी वाचून दाखवा.