मधमाश्यांच्या पोळ्यात शिरणारा पतंग

अ‍ॅकेरोन्शिया अ‍ॅट्रोपॉस या आफ्रिका व युरोपात आढळणाऱ्या मोठ्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी फिकट पिवळी आकृती असते. तिच्यामुळे युरोपातील लोक त्याला दीर्घकाळ अपशकुनी मानत आले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची मध चोरण्याची रीत मात्र या कवटीहून कितीतरी अधिक विलक्षण आहे.

त्याच्या कुळातील अनेक पतंग फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मकरंद शोषतात. याची सोंड आखूड, जाड आणि टोकदार असून मधाच्या कोठ्यांवरील मेणाचे झाकण भोसकण्यास ती अगदी योग्य ठरते. रात्री पोळ्यात शिरलेल्या या परक्यावर मधमाश्या तुटून पडतील, असे आपल्याला वाटते. पण बहुधा तसे होत नाही. मधमाश्यांच्या अंगावर आढळणारी चार मेदाम्ले (चरबीत आढळणारी आम्ले) याच्याही अंगावर जवळजवळ त्याच प्रमाणात असतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. अंधाऱ्या पोळ्यात ओळख वासावरूनच पटते, त्यामुळे हे सोंग पुरेसे ठरते. तरीही काही पतंग डंखांनी मरतातच.

डिवचल्यास हा पतंग चक्क किंचाळतो. घशाच्या पोकळीत हवा ओढताना तेथील एक पडदा थरथरतो आणि तीच हवा बाहेर टाकताना शिट्टीसारखा स्वर उमटतो. हा आवाज राणीमाशीच्या स्वराची नक्कल असल्याचे हौसेने सांगितले जाते. कल्पना मोहक असली, तरी तिला भक्कम आधार नाही. शत्रूला दचकवणे हेच कारण अधिक पटण्यासारखे आहे.

त्याचे सुरवंट बटाट्याच्या कुळातील झाडांची पाने खातात, सुमारे १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि जमिनीत शिरून कोशावस्थेत जातात. आल्प्सच्या उत्तरेकडील कडक हिवाळा कोशांना सहसा सोसवत नाही, म्हणून तेथे दरवर्षी दक्षिणेकडून नवे पतंग येतात आणि त्यांची पुढची पिढी शरद ऋतूत दक्षिणेकडे निघते. या प्रवासाचा माग काढण्यासाठी जर्मनीतील संशोधकांनी पतंगांच्या अंगावर इवलेसे रेडिओ प्रक्षेपक बसवले आणि छोट्या विमानातून रात्री त्यांचा पाठलाग केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पतंग वाऱ्यासोबत भरकटत नव्हते. पाठचा वारा असताना ते उंचावरून सावकाश उडत, तर समोरून वारा आल्यास जमिनीलगत उतरून वेग वाढवत आणि आपली दिशा कायम राखत.