जुन्या वस्तऱ्याचं पाणी उतरवू नका

गंजलेला जुना वस्तरा हाती आला की पॉलिशच्या चाकावर धरून तो लखलखीत करावासा वाटतो. नवख्या माणसानं हा मोह आवरावाच. वस्तऱ्याच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन असतो. ते लालबुंद तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग २०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. पोलादाला पाणी देणं ते हेच. फिरत्या चाकाखाली धारेकडचा पातळ पत्रा क्षणात त्याहून जास्त तापतो. पिवळसर छटा आली तर पारा २०० पार गेलाय, निळी आली तर ३००च्या घरात. निळा डाग घासून जाईल, पण उतरलेलं पाणी, म्हणजे जास्त तापून गेलेला कडकपणा, घासून परत येत नाही. अशी धार टिकत नाही. कारागिराकडे देणार असाल तर काम चाकावर करणार की हातानं, हे आधी विचारा.

लाल गंज सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खालचं लोखंड खात राहतो. तो तेल आणि बारीक पॉलिश पेपरनं हातानंच काढावा. काळा, घट्ट थर मात्र मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा. तो बराच स्थिर असतो, माझ्या मते राहू द्यावा. पात्याच्या मध्यावरचे खड्डे नुसते दिसायला वाईट. धारेवरचे खड्डे घातक, कारण धार लावताना तिथलाच कण तुटतो. म्हणून विकत घेतानाच धार भिंगाखाली बघावी.

मिटल्यावर मुठीत जाणाऱ्या भागावरच दाट गंज असेल तर मूठही तपासा. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. ते विघटित होऊ लागलं की नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्यात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं आणि पातं गंजतं. अशी मूठ बदलण्यावाचून इलाज नाही. सेल्युलॉइड चटकन पेटतं, तेव्हा ते आगीपासून दूर ठेवा.

पात्याची जाड पाठ घासून बारीक करू नका. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, आणि पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरूनच धारेचा कोन ठरतो, साधारण १७ अंश. पाठ झिजली की कोन बदलला. दगड आधी १००० ग्रिटचा, मग ४००० आणि ८०००चा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). शेवटी चामडी पट्ट्यावर पातं फिरवताना पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जातो.