बारा वर्षं कुंपण टिकलं म्हणजे जागा आपली?

मुलुंड-पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांत हे हमखास ऐकू येतं: "पत्रे ठोकून बारा वर्षं झाली, आता शेजारच्या हद्दीतली ती दीड फुटाची पट्टी आमचीच."

हे अर्धवट ऐकलेलं आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात १२ वर्षं आहेत खरी, पण ती मोजायची ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून. शिवाय ताबा उघड आणि सलग हवा, आणि ते सिद्ध करायचं ताबेदारानेच. "काका, कडेला जास्वंद लावू का?" "लाव की!" झालं, ही परवानगीच. परवानगीने वापरलेल्या जागेवर, जास्वंद छपरापर्यंत गेली तरी, मालकी येत नाही. सरकारी जागेला तर मुदत ३० वर्षांची.

मात्र तुम्ही मालक असाल, तरी मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) खिशात आहे म्हणून रात्रीतून पत्रे उपटू नका. तसं केलंत तर शेजारी ६ महिन्यांत दावा लावून, मालकी न दाखवताही, ताबा परत मागू शकतो. आधी नगर भूमापन कार्यालयात शुल्क भरून हद्द कायम मोजणी मागवा. शेजाऱ्यालाही नोटीस जाते, खुणा दोघांसमोर पडतात. बऱ्याचदा दीड फूट म्हणून भांडलेली पट्टी चार बोटांची निघते.