परवडणाऱ्या घरांना स्थानिक नकार: एका शतकाची पार्श्वभूमी

दाट वस्तीच्या परवडणाऱ्या घरांचा प्रस्ताव स्थानिक नगरपरिषदेपुढे आला की हरकती साधारण ठरलेल्या असतात. वाहनांची गर्दी वाढेल, सांडपाण्याच्या वाहिन्या पुरणार नाहीत, शाळेत जागा नाही, चार मजली इमारत आजूबाजूच्या बैठ्या घरांत शोभणार नाही. यातल्या काही हरकती खऱ्याच असतात. पण सुनावणीला बसलेली माणसे आधीपासून तिथे राहणारी असतात. ज्यांना ती घरे मिळायची, ते अजून दुसरीकडे राहत असतात. त्या गावात त्यांना मत नाही आणि त्यांची बाजू मांडणारा सदस्यही नाही. हा पेच सगळीकडे सारखाच आहे, पण त्याचा इतिहास सर्वांत तपशीलात नोंदला गेला तो अमेरिकेत, कारण तिथे भांडण वारंवार न्यायालयात गेले.

जमिनीचे विभाग पाडून कुठे काय बांधायचे हे ठरवण्याची पद्धत जर्मनीत फ्रँकफुर्टने १८९१ मध्ये आणली. अमेरिकेत ती पोहोचली तेव्हा तिला वेगळेच वळण लागले. बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये कृष्णवर्णीयांनी कुठे राहायचे आणि गोऱ्यांनी कुठे, हेच नियमाने ठरवून टाकले. लुइव्हिल शहराचा असाच नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. वंशावरून वस्त्या आखण्याचा रस्ता बंद झाला, पण भूखंडाचा आकार आणि घराचा प्रकार ठरवण्याचा अधिकार शाबूत राहिला.

त्या अधिकारावर शिक्कामोर्तब झाले १९२६ मध्ये. ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाच्या नियमांना जमीन विकसित करणाऱ्या एका कंपनीने आव्हान दिले होते. खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिले की असल्या नियमांचा परिणाम शेवटी लोकांची त्यांच्या उत्पन्नानुसार वर्गवारी करण्यात होतो. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती सदरलँड यांच्या निकालपत्रात बैठ्या घरांच्या वस्तीतल्या बहुमजली इमारतीला ‘निव्वळ बांडगूळ’ म्हटले आहे. आज कुठल्याही सुनावणीत ‘वस्तीचे स्वरूप बिघडेल’ अशी जी हरकत येते, तिला कायद्याचे बळ मिळाले ते इथून.

पुढची चाळीसेक वर्षे भराभर ओलांडता येतील. शहरांभोवती उपनगरे वाढली, प्रत्येकाने आपापली नगरपालिका काढली आणि बहुतेकांनी मोठ्या भूखंडावर एकच घर हा नियम केला. कॅलिफोर्नियाने १९५० मध्ये राज्यघटनेत कलम ३४ घातले. कमी उत्पन्न गटासाठी सरकारी पैशांतून घरे बांधायची असतील तर आधी स्थानिक सार्वमत घ्या, असे ते सांगते. महागडी घरे बांधायला असे सार्वमत लागत नाही. तरीही १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले आणि ते अजून घटनेत आहे.

सगळ्यात जवळून पाहावे असे प्रकरण न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलचे. फिलाडेल्फियाच्या पलीकडचा हा शेतीचा मुलूख. कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, त्यातली काही पडक्या, कोंबड्यांच्या खुराड्यांतून उभ्या केलेल्या घरांत. साठच्या दशकाच्या अखेरीस नगर प्रशासनाने अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करायला सुरुवात केली, आणि त्याच वेळी नवी वसाहतही मोठ्या भूखंडांवर येऊ लागली. इथेल लॉरेन्स या स्थानिक बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी फक्त ३६ सदनिकांचा प्रस्ताव मांडला. नियमात बसत नाही म्हणून तो नाकारला गेला. मागणारे बाहेरचे नव्हते, याच मातीतले होते. तरी त्यांना उत्तर मिळाले ते असे की इथे राहणे परवडत नसेल तर दुसरीकडे जा.

खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७५ मध्ये निकाल लागला: वाढत्या प्रत्येक नगराने आपल्या परिसरातल्या गरजेचा न्याय्य वाटा उचलायलाच हवा. माउंट लॉरेलने यावर २० एकर जमिनीचा विभाग बदलून दिला आणि घरे एकही झाली नाहीत. ही टाळाटाळ पाहून न्यायालयाने १९८३ मध्ये दुसरा, जास्त कडक निकाल दिला. नगर आपला वाटा उचलत नसेल तर बिल्डरने न्यायालयात जावे आणि ठरावीक परवडणारी घरे देण्याच्या अटीवर नगराला डावलून परवानगी मिळवावी. नगरांनी विधिमंडळावर दबाव आणला. १९८५ च्या कायद्याने हे काम एका राज्य परिषदेकडे सोपवले आणि एक पळवाटही ठेवली. श्रीमंत नगराने पैसे मोजायचे आणि आपल्या वाट्यातली निम्मी घरे दुसऱ्या, बहुधा गरीब शहराच्या गळ्यात घालायची. ही सोय २००८ पर्यंत चालली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत लाजिरवाणा व्यवहार आहे.

इथेल लॉरेन्स १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची वसाहत २००० मध्ये उभी राहिली. तिच्या मंजुरीच्या वेळीही सभागृह विरोधकांनी भरलेले होते. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कराचा बोजा वाढेल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांच्या गटाने नंतर माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच नगरांशी केली. यातले काहीच वसाहतीमुळे घडल्याचे दिसले नाही.

शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्समध्ये मात्र न्यायालयाने हात आखडता घेतला. एका धार्मिक संस्थेने आपल्या जागेतला तुकडा कमी-मध्यम उत्पन्न गटातल्या १९० घरांसाठी देऊ केला होता. १९७० च्या जनगणनेत सुमारे ६४ हजार वस्तीच्या या गावात कृष्णवर्णीय होते २७. गावाने विभाग बदलायला नकार दिला. शेजाऱ्यांनी बैठ्या घरांच्या भरवशावर जागा घेतल्या आहेत, असे कारण दिले. १९७७ मध्ये देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले की परिणाम विषम असून भागत नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो? पुढे तडजोड झाली आणि घरे दुसऱ्या जागी गेली.

काही सरकारांनी हेतूच्या भानगडीत न पडता थेट आकडा धरला. मॅसॅच्युसेट्सच्या १९६९ च्या कायद्यानुसार नगरातली १० टक्के घरे परवडणारी नसतील तर नाकारलेला प्रस्ताव राज्याच्या समितीकडे अपिलात जातो. हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०१० च्या सार्वमतात मतदारांनीच फेटाळला. फ्रान्सने २००० मध्ये मोठ्या शहरांच्या परिसरातल्या नगरांना २० टक्के सामाजिक घरांचे, म्हणजे सवलतीच्या भाड्याच्या घरांचे, बंधन घातले, २०१३ मध्ये बहुतेक ठिकाणी ते २५ केले. जे नगर मुद्दाम मागे राहते त्याला दंड होतो आणि बांधकाम परवानगीचा अधिकार केंद्राचा प्रतिनिधी स्वतःकडे घेऊ शकतो. जपानमध्ये हा प्रश्न एवढा पेटत नाही, कारण विभागांचे प्रकार राष्ट्रीय कायद्यात ठरलेले आहेत आणि नियमात बसणाऱ्या इमारतीला सहसा अडवता येत नाही.

स्थानिक संस्थांची एक बाजू मात्र ऐकायलाच हवी, ती म्हणजे पैशांची. शाळा, पाणी, सांडपाणी यांचा खर्च नगराच्या माथी असतो. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये मालमत्ता कर १ टक्क्यावर आणि करमूल्याची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखली. तेव्हापासून नगरांना नव्या घरांपेक्षा विक्रीकर देणारे मॉल परवडू लागले. राज्य घरांचा आकडा लादते आणि वाहिन्यांचा खर्च देत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण ती प्रामाणिक असेल तर तीच ओरड महागड्या बंगल्यांच्या प्रकल्पांवेळीही ऐकू यायला हवी.

त्याच कॅलिफोर्नियात आता पारडे राज्याकडे झुकते आहे. सबळ कारण नसताना परवडणारी घरे नाकारू नयेत, असा कायदा १९८२ पासून होता, पण धार आली अलीकडेच. राज्याने मंजूर केलेला घरबांधणीचा आराखडा नसेल, तर परवडणारी घरे असलेला प्रकल्प नगराला आपल्या विभागाच्या नियमावर बोट ठेवून सहसा नाकारता येत नाही. सांता मोनिकाने असा आराखडा वेळेत मंजूर करून घेतला नाही, तेव्हा २०२२ मध्ये बिल्डरांनी त्या फटीतून चार हजारांहून अधिक घरांचे अर्ज दाखल केले. त्याच वर्षी वुडसाइड या श्रीमंत नगराने आमचा सगळा परिसर पहाडी सिंहांचा अधिवास आहे, म्हणून जोडघरांचा नवा कायदा आम्हाला लागू नाही, असे जाहीर केले. राज्याच्या महाधिवक्त्यांचे पत्र येताच ते मागे घेतले. पर्यावरण आढाव्याचा १९७० चा कायदाही घरे रखडवायला वापरला जात होता. जून २०२५ मध्ये शहरांतर्गत घरबांधणीला त्यातून बरीच सूट मिळाली.

मग रेल्वे आणि जलद बसच्या थांब्यांजवळ बहुमजली घरांना मुभा देणारे विधेयक आले. लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला विरोधाचा ठराव केला. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी सही केली आणि अंमलाची तारीख ठरली १ जुलै २०२६.