आत्तीच्या खुणा कुठून आल्या?

परदेशातला कर्णबधिर माणूस महाद्वार रोडवर भेटला तर आत्ती त्याच्याशी घडाघडा बोलेल, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. हातवारेच ते, जगभर सारखेच असणार! तसं नाही.

आत्तीला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत जाईपर्यंत तिच्याजवळ घरच्या खुणा होत्या: आजी म्हणजे नथ, दूध म्हणजे धार काढणारी मूठ. त्या आमच्या गल्लीपलीकडे कुणाला कळत नसत. खरी भाषा मिळाली ती वसतिगृहात, तीही चोरून. वर्गात हात बाकाखाली ठेवून बाईंच्या ओठांकडे बघायचं. रात्री मोठ्या मुलींकडून खुणा शिकायच्या.

हात बाकाखाली गेले त्याचं मूळ इटलीत आहे. १८८० साली मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा बंद करून बोलणंच शिकवायचं ठरलं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे! मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी, हेच वारं जोरात असताना. खुणांना व्याकरण असतं, ती पूर्ण भाषा असते, हे अमेरिकेत भाषा अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी मांडायला १९६० उजाडलं.

आता देशोदेशीचा फरक. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे बोलतात इंग्रजीच, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. कारण पॅरिसच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकलेले शिक्षक लॉराँ क्लेर्क अमेरिकेला गेले आणि १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा उभी राहिली. त्यामुळे अमेरिकन खुणांचं माहेर फ्रान्स. अमेरिकेत अक्षरं एका हाताने दाखवतात, ब्रिटनमध्ये दोन हातांनी. आपल्याकडेही इंग्रजी अक्षरं दोन हातांनीच दाखवतात. ती ब्रिटिश वळणाची. थोडक्यात, बोलीपेक्षा शाळेची वंशावळ बघावी. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात तर १९७७ नंतर शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी आपसात नवी भाषाच घडवली.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नव्हे. शहरागणिक शब्द बदलतात, पण व्याकरण तिचं स्वतःचं. आपण 'कुठं चाललास रं?' म्हणतो, आत्तीचा 'कुठं' शेवटी येतो, भुवयांसकट. लहानपणी मला वाटायचं, ती रागावलीय.

दिल्लीत २०१५ मध्ये या भाषेसाठी सरकारी संशोधन केंद्र झालं. त्याचा कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये दहा हजारांचा झाला. मी मोबाइलवर त्यातले व्हिडिओ लावले तेव्हा आत्तीने बऱ्याच खुणा लगेच ओळखल्या, काहींवर नाक मुरडलं आणि वसतिगृहातली खूण करून दाखवली. दोन्ही शिकून घे, म्हणाली.